छावणीवरचे पत्रे

भूम तालुक्यातल्या त्या गावात मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळा म्हणजे तीन भिंती, पुढं दोन खांब आणि वर बावीस पत्रे. चौथी भिंत मंजूर झालीय, असं दरवर्षी कळायचं. पहिल्याच रविवारी शिडीवर चढून मी एकेका पत्र्यावर आतून ऑइलपेंटनं 'जि. प. शाळा' असं लिहिलं. गाव हसलं. "मास्तर, वर कोण वाचणार हाय? पाली?"

पुढं दुष्काळ पडला. सोसायटीच्या चेअरमननं माळावर गुरांची छावणी काढली आणि एका संध्याकाळी आमचे सगळे पत्रे उतरवून नेले. जनावराला सावली नको का? हवीच. मीही मजुराचाच मुलगा, उन्हात जीभ काढून पडलेला बैल मी पाहिलाय. पण चेअरमनच्या स्वतःच्या गोठ्यावरचे कोरे पत्रे जागचे हलले नव्हते. तिथं माझं डोकं फिरलं.

त्याच्याकडं गेलो. तो म्हणाला, "लेकरं लिंबाखाली बसतील की. आन मास्तर, तुमच्या घरात पगार पहिल्यांदाच आलाय. जरा जपा."

खरं होतं. आमच्या अख्ख्या बौद्धवाड्यातला पहिला पगार माझाच. पण तो मान खाली घालण्याचा मिळत नव्हता.

आठवड्यानं तपासणीचे साहेब येणार होते. शेजारच्या वाडीतली पडकी शाळा त्यांनी बंद करून मुलं तीन कोसांवरच्या गावाला जोडली होती. मुलगे गेले, मुली घरी बसल्या. आमच्याकडंही तेच होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी फळा डोक्यावर घेतला आणि पोरांची रांग घेऊन छावणीत गेलो. जिथं पत्रे, तिथं शाळा. बैलांच्या दोन दावणींमध्ये पाढे सुरू झाले. शेण पडलं की वर्ग हातभर सरकायचा. छावणीत मुक्कामाला असलेले शेतकरी आधी खवळले. एक म्हातारा तर माझ्या अंगावरच आला. पण त्यांना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता, मग ऐकायला लागले. त्या म्हाताऱ्याची नात आमच्याच तिसरीत होती, ती त्याच्याच बैलाला टेकून बेरजा करायची.

साहेब आले, नाकाला रुमाल लावून. "शाळा कुठाय?"

मी वर बोट केलं. साहेबांनी मान वर करून वाचलं.

"छप्पर शाळेचंच हाय, साहेब. बैल पाहुणे हायेत."

चेअरमन शेजारीच उभा होता. साहेब म्हणाले, "हे मला शाळा म्हणून लिहिता येणार नाही. बंद करावी लागेल."

तेव्हा म्हातारा उठला. "माज्या बैलावरले पत्रे आदी काढा. त्येला गोणपाट पुरतंय. पोरीला शाळा पायजे."

मग एकेक जण उठला. चेअरमन ओरडत राहिला, कुणी वळून पाहिलं नाही. दिवस मावळायच्या आत बावीसच्या बावीस पत्रे भिंतींवर चढले आणि साहेबांनी शाळा चालू असल्याचं लिहिलं. सकाळी तीच माणसं चेअरमनच्या दारात जाऊन उभी राहिली. "आता तुमच्या गोठ्यावरले द्या." त्याला द्यावे लागले.

त्यानं माझी बदली करवलीच. थेट उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. एसटीतून उतरून शाळेत गेलो, आधी वर पाहिलं. पत्रे कोरे होते.

ट्रंक खाली ठेवली आणि शिडी मागितली.