चौथा कोपरा

"कोपरा सोडा."

जालना स्टेशनच्या जुन्या शेडमध्ये कुणीही पाऊल टाकलं, की आधी हे शब्द कानावर पडायचे. नमस्कार नाही, या-बसा नाही. बाहेरच्या उन्हातून आत आलेला माणूस डोळे सरावेपर्यंत कशाला तरी हात टेकतो, आणि तो हात नेमका ट्रॉलीच्या कोपऱ्यावर पडायचा. मग इंजिनामागून एक काटकुळा म्हातारा अनवाणी पायांनी यायचा, पाहुण्याचा हात हळूच उचलून बाजूला करायचा आणि त्या जागेची लोखंडी मूठ सुताच्या बोळ्यानं पुसून घ्यायचा. चेहऱ्यावर राग नसायचा. दुसऱ्याच्या पाटावर चुकून बसलेल्या पाहुण्याला उठवावं, तसा संकोच असायचा.

सगळं स्टेशन त्यांना जमादार म्हणायचं. त्यांचं खरं नाव मला ठाऊक होतं, पण इथं लिहीत नाही. ते त्यांना आवडलं नसतं.

मी तेव्हा पार्सल ऑफिसात कारकून होतो. हैदराबाद संस्थानातली नोकरी, वय कोवळं, बायको बाळंतपणाला माहेरी. वेळ जाता जात नसे, म्हणून मी शेडमध्ये जाऊ लागलो. जमादारांच्या ओढीनं गेलो असं म्हटलं तर खोटं होईल.

ती शेड म्हणजे एका जुन्या साहेबाची हौस. या मार्गावरच्या जुन्या वस्तू लोकांना बघायला ठेवाव्यात, असं त्याच्या मनात आलं. रूळ टाकताना खडी वाहणारं एक छोटं इंजिन, काही कंदील, एक घंटा आणि एक ढकलट्रॉली त्यानं तिथं आणून ठेवली आणि राखणीला जमादारांना बसवलं. पुढं साहेब पेन्शन घेऊन विलायतेला गेला. लोक काही आले नाहीत. जमादार राहिले.

ढकलट्रॉली आता फारशी कुणी पाहिलेली नसेल. चार लहान लोखंडी चाकं, वर लाकडी फळ्या, त्यावर साहेबाला बसायला बाक आणि एक छत्री. साहेब बसून रूळ तपासायचा आणि ट्रॉलीवाले अनवाणी पायांनी रुळावरून पळत ती ढकलायचे. हो, रुळावरूनच. ट्रॉलीनं वेग घेतला की उडी मारून वर बसायचं, वेग उतरला की पुन्हा खाली. आणि समोरून गाडी आली, की चौघांनी चार कोपरे धरून ट्रॉली रुळाबाहेर काढायची.

जमादार त्या चौघांचे म्होरके. बाकीचे तिघं एकेक करून गेले होते. एक तापानं, एक म्हातारपणानं आणि तिसरा, पांडू, साप चावून.

"ज्याचा कोपरा त्याचा," जमादार मला म्हणाले होते. "साहेब बदलतो, ट्रॉली बदलती, कोपरा न्हाई बदलत. गडी थकला, तर त्यानं आपल्या हातानं नव्या गड्याचा हात मुठीवर ठिवायचा. तवा कोपरा जातो."

"आणि हात न ठेवताच गेला तर?"

"मंग राह्यलेला म्होरक्या ठिवतो."

"मग तुम्ही का नाही ठेवला कुणाचा?"

ते बोळा चुरगाळत राहिले. "कोनाचा ठिवू, बाबू? इथं येतं कोन?"

रोज सकाळी ते चारी मुठी पुसायचे. आधी तिघांच्या, मग स्वतःची. पुसून झालं, की आपल्या कोपऱ्याशी उभं राहून खणखणीत आवाजात म्हणायचे, "चारों बोलो!" ही ट्रॉली उचलण्याआधीची हाक. चौघांची पकड बसली की नाही हे कळावं, म्हणून प्रत्येकानं "हौ" म्हणायचं. चार हौ आल्याखेरीज कुणी जोर लावायचा नाही, नाहीतर एखाद्याच्या पायाचा चुरा. शेडमध्ये ती हाक पत्र्यावर आपटून परत यायची. जमादार थांबायचे. उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढं थांबायचे. मग स्वतःचं एक हौ म्हणून बिडी पेटवायचे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. तुम्हालाही आलं असतं. म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असं मी चहाच्या टपरीवर केशवला सांगितलंसुद्धा.

लढाईच्या दिवसांत लोखंडाची तंगी आली. नवा साहेब शेड बघून गेला आणि मागून हुकूम आला. इंजिन राहू द्या, हलवायला त्रास आहे. बाकी जे चालतं ते ठेवा, चालत नाही ते भंगारात. साहेब पुन्हा येऊन स्वतः बघणार होता.

जमादार इंजिनाकडं बघत म्हणाले, "ही म्हातारी हालत न्हाई म्हनून वाचली. आपल्याला कोनीबी हालवू शकतं."

ट्रॉली चालत होती. चाकांना रोज तेल होतं. पण ती चालवून दाखवायला चौघं हवे होते. मी हमाल बोलवू म्हणालो, तर जमादारांनी मान फिरवली. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी मात्र ते पार्सल ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते शेड सोडून कुठं जात नसत.

"बाबू, तुमच्या पायात जोर हाय का?"

मी, टपरीवाला केशव आणि सांधेवाला मारुती असे तिघं शेडमध्ये जमलो. जमादारांनी आम्हाला चपला काढायला लावल्या आणि हात धुवायला लावले. मग माझं मनगट धरून उजव्या बाजूच्या पुढच्या मुठीवर माझा तळवा ठेवला आणि वरून आपला हात दाबला. त्यांचा तळवा वाळल्या कातड्यासारखा लागला.

"ह्यो पांडूचा. आजपासून तुमचा. दुसऱ्याच्या कोपऱ्याला हात लावायचा न्हाई. आपला सोडायचा न्हाई."

केशव म्हणाला, "जमादार, मला हलका कोपरा द्या, पोट मोठं हाय माझं."

"पोट घरी ठिवून ये," जमादार म्हणाले. त्यांना थट्टा करताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन ट्रॉली मुख्य रुळावर चढली. साहेब छत्रीखाली बसला. जमादार रुळावरून असे पळाले, की ते सत्तरीला टेकले होते यावर कुणी विश्वास ठेवला नसता. मारुती जमेल तसा पळाला. केशवचा पाय दुसऱ्याच ढांगेला घसरला आणि तो खडीवर बसला. "पायाकडं नगं, म्होरं बघ!" जमादार ओरडले. मी रुळावर पाय ठेवायचं धाडसच केलं नाही. मी बाजूनं खडीतून धावत होतो आणि ढकलतोय असं दाखवत होतो.

बाहेरच्या सिग्नलपाशी पोचतो न पोचतो, तोच सारवाडीकडून मालगाडीची शिट्टी ऐकू आली. ती वेळेआधी आली होती.

साहेब उडी मारून खाली उतरला. "उठाव! जल्दी!"

आम्ही कोपरे धरले. जमादार म्हणाले, "चारों बोलो!"

मी म्हणालो, हौ. मारुती म्हणाला, हौ. केशवला धाप लागली होती. त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"उठाव!" साहेब किंचाळला. वळणावर धूर दिसायला लागला होता.

जमादारांनी साहेबाकडं पाहिलंसुद्धा नाही. केशवकडं बघत, आवाज जराही न चढवता, ते पुन्हा म्हणाले, "चारों बोलो."

"हौ, मेलो!" केशव म्हणाला.

"हौ," जमादार म्हणाले, आणि ट्रॉली पाटीसारखी उचलली गेली.

मालगाडी गेल्यावर साहेबानं घाम पुसला. केशवचा हात घामानं मुठीवरून निसटला होता आणि दुसऱ्या हाकेनंतरच त्याची पकड बसली, हे साहेबाच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. शेडपर्यंत तो आमच्याबरोबर पायी आला. जाताना म्हणाला, "रखो."

त्या दिवशी केशवनं सगळ्यांना फुकट चहा दिला आणि वर्षभर ऐकवला.

केशव आणि मारुती पुढं आपापल्या कामाला लागले. मी मात्र रोज सकाळी जाऊन माझी मूठ पुसू लागलो. सकाळच्या हाकेला आता दोन हौ यायचे. जमादार तरीही पूर्वीइतकंच थांबायचे. पण थांबताना ते माझ्याकडं बघायचे, एवढा फरक पडला होता.

मग ते भादव्याचे दिवस आले. त्या दिवसांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एवढंच सांगतो, की फौज आली, संस्थान गेलं, आम्ही पेढे वाटले आणि जमादारांच्या गल्लीतली दारं बंद झाली. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर त्या गल्लीतली माणसं बोचकी घेऊन हैदराबादकडं जाऊ लागली. त्यांच्या सामानाच्या पावत्या मीच फाडत होतो.

एके सकाळी जमादार शेडमध्ये पायात जोडे घालून आलेले दिसले. सोबत बहिणीचा मुलगा होता. तो दाराशीच थांबला.

"भाचा न्यायला आलाय," ते म्हणाले. "म्हनतो, मामू, इथं एकटे कैकू राहता?"

मी म्हणालो, "जमादार, जाऊ नका. माझ्या घरी चला."

"हौ," ते म्हणाले, आणि थांबले. सकाळच्या हाकेनंतर थांबायचे, तसेच.

मी पुढं काही बोललो नाही. घरात आई होती, शेजारी होते, दिवस तसे होते. मी एकदाच म्हणालो. आपल्याकडे जेवायलासुद्धा माणसाला दोनदा म्हणतात. पहिल्या आग्रहाला कुणी ताटावर बसत नाही, हे मला कळत होतं.

त्यांनी जोडे काढले, चारी मुठी पुसल्या. माझीही त्यांनीच पुसली. आपल्या मुठीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता माझा हात घेऊन तिथं ठेवतील. मी हात पुढं केलासुद्धा. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि सोडून दिला.

"परत येनं झालं तर," ते म्हणाले.

त्यानंतर मी शेडमध्ये जायचो आणि माझा कोपरा पुसायचो. केशवला आणि मारुतीला सांगितलं, तर तेही अधूनमधून येऊन आपापला पुसून जायचे. चौथ्याला आम्ही कुणी हात लावला नाही. आधी त्यावर धूळ बसली, मग तांबूस डाग आले, मग पापुद्रे सुटले. एक बोळा फिरवायला काय लागलं असतं? पण तो माझा कोपरा नव्हता. नियमाच्या आड लपता येतं, हे मी त्या हिवाळ्यात शिकलो.

संक्रांतीच्या सुमाराला शेड धान्याच्या पोत्यांसाठी हवी झाली. इंजिन तिथंच राहिलं. ट्रॉली मालाच्या डब्यातून हैदराबादकडं पाठवायचा हुकूम होता. तिथं ती जपून ठेवणार होते की मोडणार होते, हे कागदावर नव्हतं. जमादार गेले त्याच दिशेची गाडी होती.

मी केशव आणि मारुतीला बोलावलं. आम्ही तिघांनी आपापले कोपरे धरले. फलाटावरचा एक हमाल मदतीला पुढं आला आणि त्यानं त्या गंजलेल्या मुठीवर हात ठेवला.

"कोपरा सोड," मी म्हणालो.

त्यानं हात काढला, तळव्याचा गंज धोतराला पुसला. "मंग उचलता कशी, बाबू?"

केशव माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "चारों बोलो!"

हौ. हौ. हौ.

आम्ही थांबलो. मग तिघांनीच उचलली आणि डब्याकडं निघालो. चौथा कोपरा सारा रस्ता जमिनीकडं झुकलेला होता.