देठापाशी हुंगलेला हापूस
हापूसच्या पेटीतल्या गवताचा वास आला की वीसेक वर्षांपूर्वी इथे परदेशात, आमच्या मरीन परेड भागात उघडलेलं ते महागडं सुपरमार्केट आठवतं. कॉन्डो सोसायटीतल्या आम्हा मराठी बायकांत आठवडाभर त्याचीच चर्चा होती. "तिथे मंडईतल्यासारखं वागू नकोस हं," पहिल्या दिवशी बरोबर आलेल्या मैत्रिणीने मला बजावलं. मी सरळ फोमच्या जाळीतला हापूस काढला आणि देठापाशी हुंगला. "कॅनॉट लाह, आंटी!" दुकानातली मुलगी मला अडवायला धावत आली. मैत्रीण ओशाळून चीजकडे सरकली. "न हुंगता आंबा घ्यायचा कसा?" मी विचारलं. "ड्युरियनचं फळसुद्धा हुंगूनच घेतात," पलीकडची चिनी बाई म्हणाली आणि तिनेही एक आंबा नाकाला लावला. ती आमच्याच इमारतीतली निघाली. अजूनही पेटी आली की पहिला आंबा हुंगायला मी तिलाच हाक मारते.