मांडीवर सूप घेऊन बसनारे डॉक्टर

न्हाई वो, थकले म्हनून न्हाई. आनि देवरुशाला भ्याले म्हनून तर मुळीच न्हाई. वसंतराव डॉक्टरांनी वेल्ह्याला जायचं का सोडलं, हे मला आजवर ज्यानं त्यानं इचारलं. आता त्यांच्या साठीचं पुस्तक काडनाऱ्या मंडळींनीबी पैलं तेच इचारलं, आनि वर म्हनाले, "चंद्राबाई, तुमी त्यांच्यासंगट इतकी वर्सं हिंडला, तवा तुमीच लिवा." बरं, लिवते. माझी शाळा आंबवड्याची, चौथीपत्तूर. जशी बोलते तशी लिवनार. शुद्ध करत बसू नका. डॉक्टरसाहेबांसारख्या शिकल्या मानसाला मला सुदारता आलं न्हाई, तुमी कशाला तरास घेता?

आदी पैली वळख सांगते. माजे मालक जाऊन वरीस झालं व्हतं. दाड ठनकत व्हती म्हनून भोरच्या पेठेत डॉक्टरची पाटी बगितली आनि आत शिरले. आत चिटपाखरू न्हाई. टेबलामागं चष्मेवाले एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. म्या आ करून दाड दावली. ते उटून उबे ऱ्हायले आनि म्हनाले, "बाई, मी दातांचा डॉक्टर नाही. मनाचा डॉक्टर आहे."

"मंग काय, मन उपटून देता व्हय?"

असे हसले की आतनं त्यांची बायको, म्हंजे वहिनी, बगाया आल्या. "नाही हो," म्हनाले, "ते जागेवर ठेवूनच बघावं लागतं." वहिनींनी लवंग दिली. ती दाडंखाली धरली तवा त्यांनी इचारलं, "किती दिवस दुखतंय?"

म्या म्हनलं, "वरीस झालं."

दाड तर चार दिसांची व्हती. तोंडातनं वरीस कसं आलं कुनास ठावं. डॉक्टरसाहेबांनी पेपराची घडी घातली, खुर्ची जरा लांब सारली आनि गप बसले. मी दुपारपत्तूर रडले. दुसऱ्या दिशी त्यांच्याकडं झाडलोट आनि पानी भराया लागले, ती आजपत्तूर. दाड तेवडी ऱ्हायलीच.

त्या टायमाला मनाचा डॉक्टर म्हंजे काय हे भोरात कुनालाच ठावं नव्हतं. शिकल्याली मानसं त्यांना नमस्कार घालत, पर दारात चप्पल काडत नसत. चप्पल दिसली की गावभर व्हनार, अमक्याच्या घरात येडं निगालं. म्हनून डॉक्टरसाहेबांनी ठरिवलं, मानसं येत न्हाईत तर आपुन जायाचं. दर बाजारच्या दिशी भोर ते कापूरव्हळ, तितं गाडी बदलून वेल्हं. कापूरव्हळाला कंडक्टर वरडायचा, "आले बगा येड्यांचे डॉक्टर!" डॉक्टरसाहेब पैशे पुडं करून म्हनायचे, "दोन शहाणे, वेल्हे. परतीचं परतताना बघू."

वेल्ह्यात पैल्यांदा त्यांनी भाषान केलं. कागदावर मानसाचं डोकं काडून आनलं व्हतं. म्हनाले, "शरीराला ताप येतो तसा मनालाही येतो." मागनं एक म्हातारा बोलला, "मंग थर्मामीटर कुठं घालायचा, सायेब?" सगळा बाजार हसला. खरं सांगते, मी सगळ्यात आदी हसले. डॉक्टरसाहेबांनी कागदाची गुंडाळी केली. येताना यष्टीत मला म्हनाले, "चंद्राबाई, त्यांचं बरोबर आहे. मनातलं दुखणं बाजारात कोण सांगणार? त्यातून बाईमाणूस शंभर लोकांसमोर काय बोलणार?"

म्या म्हनलं, "बायका कवा बोलत्यात ठावं हाय का तुमाला? तांदूळ निवडताना. मान खाली आसती, हात कामात आसतात, कुनाचं त्वांड बगावं लागत न्हाई."

दुसरा कुनी शिकलेला मानूस हसला आसता. पुडल्या बाजाराला वसंतराव डॉक्टर सूप इकत घिऊन आले! धर्मशाळंच्या पडवीत आमी बसलो. बायका घरनं तांदूळ, नाचनी घिऊन यायच्या. घरच्यास्नी सांगायच्या, चंद्राबाईकडं निवडाया बसतो बाजार उरकंस्तवर. मदे पँट घातलेले डॉक्टर, मांडी घालून, मांडीवर सूप. सुरवातीला खडे ठिवायचे आनि तांदूळ फेकायचे. भोरला आल्यावर मी म्हनायची, "वहिनी, ह्यांनी घरी कदी निवडलं न्हाई हे तुमचं नशीब थोर, दात शाबूत ऱ्हायले." पर बायका बोलाया लागल्या. कुनाला झोप न्हाई, कुनाच्या छातीत धडधड, कुनाला लेकाकडं बगून भ्या वाटतंय. डॉक्टरसाहेब वर बगत नसत. सुपात बगूनच इचारत, "मग काय केलंत?" बस्स, येवडंच. एकेकीला आसं सोताचं ऐकनारं मानूस जन्मात पैल्यांदा गावलं.

एक नेम मातूर कडक. हितलं बोलनं हितंच. मुठीत तांदूळ घिऊन सगळ्यांनी अन्नाची आन घ्यायची. पैली आन म्या घेतली.

मानूस म्हनून कसे, ते एका गोष्टीत सांगते. वहिनींच्या हळदीकुंकवाला बायका आल्या की मी मागल्या दारी जायची. विधवेनं म्होरं कशाला मिरवायचं? एका संक्रांतीला डॉक्टरसाहेब मागं आले आनि भांडी घासायच्या दगडावर येऊन बसले. म्या म्हनलं, "हितं काय?" म्हनाले, "तुम्ही इथं, तर मीही इथं. तिळगूळ इकडंच मागवू." वहिनी हाताला धरून न्ह्याला आल्या तवा कुटं आमी दोगं उटलो. त्यांच्या सनाच्या धोतराची मागची बाजू राखंनं भरली व्हती. सगळ्या बायका त्येच बगत व्हत्या. माझ्या कपाळाकडं कुनी बगितलंच न्हाई.

आता जे लिवायचं न्हाई आसं वाटत व्हतं, ते लिवते. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतली सगुना. पैलंच लेकरू, बारशाच्या आदीच गेलं. तवापासनं पोर जेवत नव्हती, झोपत नव्हती, बोलत नव्हती. सासू तानूबाई म्हनायची, बाहेरचं लागलंय. म्या तिला नाचनी निवडायच्या निमतानं आनलं. चार बाजार ती नुसती सुपात बगत बसली. पाचव्याला हळूच म्हनली, "लेकरू गेलं, पर दूद थांबत न्हाई."

डॉक्टरसाहेबांचा हात सुपातच ऱ्हायला.

मंग सगुना थोडं थोडं बोलाया लागली. एकदा तर डॉक्टरांच्या सुपात बगून म्हनली, "खडा ठिवला की वो!" आनि हसली. त्या दिशी परतताना डॉक्टरसाहेब कापूरव्हळापत्तूर गुनगुनत व्हते. मलाबी वाटलं, ही जगली.

पुडं एका बाजाराला त्यांनी इचारलं, "सगुणाबाई, बाळाचं नाव मनात काय ठेवलं होतं?" आसं तिला कुनीच इचारलं नव्हतं. लेकराचं बारसं नव्हतं झालं, तर नाव कुटलं? तिनं नाव सांगितलं. आनि मंग ती जी रडली, हंबरून रडली. डॉक्टरसाहेबांनी तिला रडू दिलं. शांत झाल्यावर ती सोताहून म्हनली, "पुडल्या बाजाराला येते."

आली न्हाई. त्याच्या पुडल्यालाबी न्हाई. वाडीत जावं तर दार लावल्यालं. तिला कोंडून ठिवलीया, देवरुशी येतोय, छडी मारतोय, आसं कानावर आलं. डॉक्टरसाहेब दोनदा गेले, दोनदा आंगनातनंच हाकलले. पोलीसपाटील म्हनाला, "घरचा मामला हाय, सायेब." आषाडात सगुना गेली. कशी गेली ते हितं लिवत न्हाई.

आमी दोगं चिखलातनं वाडीत गेलो. तानूबाई सगळ्यांच्या देखत डॉक्टरसाहेबांच्या म्होरं आली आनि म्हनली, "तुमीच माझ्या सुनंचं डोकं फिरवलं. मेल्या लेकराचं नाव इचारत्यात का कुनी? तुमाला काय दयामाया हाय का न्हाई?"

डॉक्टरसाहेबांनी हात जोडले. एक सबूद बोलले न्हाईत. मी त्यांच्या शेजारी उबी व्हते. मीबी बोलले न्हाई.

यष्टीत म्हनाले, "घाई केली मी, चंद्राबाई. जखम उघडली, आणि बांधायचं आठ दिवसांवर टाकलं. माझ्या एका प्रश्नानं माणूस गेलं." त्यानंतर ते वेल्ह्याला गेले न्हाईत. आज कैक वर्सं झाली.

म्हनून म्हनते, गौरव करायचा तर काय म्हनून करू? किती बायका बऱ्या झाल्या, ते मी लिवू शकत न्हाई. ज्या पडवीत बसायच्या त्या पांगल्या. आता वेल्ह्याकडची बाई झोपली न्हाई तर तिला पुन्यांदा देवरुशाकडंच नेत्यात, आनि तिला दुसरीकडं कुटं जायाचं ते सांगायला कुनी न्हाई. परवा दोगीजनी भोरला येऊन मला इचारत व्हत्या, "डॉक्टर येनार का वो?" डॉक्टरसाहेब आतनं ऐकत व्हते. भाईर आले न्हाईत.

भोरातबी आता ते खोलीत नुसते बसत्यात. कुनी आलं तर औषाद लिवून देत्यात, इचारत काय न्हाईत. इचारायला भित्यात. ज्या मानसाचं सगळं बळ एका "मग काय केलंत?" मदी व्हतं, त्यांनी तेच टाकून दिलंय. आनि गेल्या आटवड्यात वहिनींना म्हनाले, साठीचा कार्यक्रम झाला की पाटी काडून ठेवू. तुमी मंडळी शाल पांगराल, नारळ द्याल, फोटो काडाल. आनि दुसऱ्या दिशी सुतार येऊन पाटी काडंल. भोर-वेल्ह्यात मनाचं ऐकनारा तेवडा एकच मानूस, त्योबी जाईल. वहिनी माझ्याकडं बगून रडल्या. "चंद्राबाई, तुमचं ते ऐकतात, तुम्ही सांगून बघा."

मी लई येळा सांगाया गेले. खरंच. चहाचा कप घिऊन जायची, दारात थांबायची. त्यांनी वर बगितलं की माझ्या तोंडात थट्टाच यायची. "काय डॉक्टर, झोप लागली का पेपरावर?" आनि मागारी फिरायची. हसवनाऱ्या बाईला गंभीर बोलाया त्वांड कुटलं? म्हनून कागदावर लिवते. कागद त्यांना वाचावाच लागंल, त्यांच्याच गौरवाचा हाय.

डॉक्टरसाहेब, तुमाला साटावं लागलं. तुमचे गुडगे धड ऱ्हावोत, मांडी घालून बसाया लागतंय. डोळे धड ऱ्हावोत, खडा दिसाया लागतोय. वहिनींच्या संगतीनं तुमाला शंभर वर्सं मिळोत, आनि त्यातलं एकबी गप बसून जाऊ नये, येवडं मी आंबवड्याच्या नागोबापासनं तोरण्याच्या देवीपत्तूर सगळ्या देवांना मागते.

पर नुसतं मागून भागत न्हाई.

सगुना रडली त्याच दिशी, बाजार उटताना, तानूबाईनं मला चार बायकांत गाटलं. म्हनली, "नवरा खाल्ला, आता डॉक्टरामागं यष्टीनं हिंडती." माझ्या तोंडाला कदी लगाम व्हता? म्या म्हनलं, "माझं ऱ्हाऊ द्या, आदी आपली सून सांबाळा. डॉक्टरापुडं बसून मेल्या लेकराचं नाव सांगून गळा काडती ती." बायका फिदीफिदी हसल्या. तानूबाईचं त्वांड पडलं. मला लई ग्वाड वाटलं, मीबी हसले.

तुमचा सवाल तिच्या घरापत्तूर न्ह्यायला कुनीतरी लागतंय, डॉक्टरसाहेब. ती मी व्हते. तुमच्या हातनं काय बी चुकलं न्हाई. म्या सांगितलं.