संप मिटल्यावरचा रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारची माझी तयारी शनिवारी सकाळीच सुरू होते. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या. दुपारी त्या उकळून, कुस्करून, मलमलच्या फडक्यातून रस गाळायचा. ब्रेडच्या कडा काढून चौकोनी तुकडे करायचे. काचेचे छोटे पेले कोमट पाण्यातून काढून कोरडे करायचे, टेबलावरची पांढरी चादर इस्त्रीवाल्याकडून आणायची. मी याद्या करून कामं उरकणारी बाई आहे. फ्रीजच्या दारावर यादी असते, झालं की टिक करायची, विषय संपला. पण मनुकांच्या कामाला मी यादी लावत नाही. ते मी आईच्या हाताखाली शिकले आणि ती करायची त्याच क्रमानं करते.

परळच्या आमच्या मराठी चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, तयारी माझ्या आधी आईकडे होती. पण आई त्या चर्चची नव्हती. ज्या मेजाची तयारी तिनं इतकी वर्षं केली, त्यावरचं तिनं कधी काही घेतलं नाही.

बाबा नगरकडचे, प्रॉटेस्टंट, गिरणीत साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर. आई माहीमची, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्त्यांतली, कॅथलिक, परळच्या एका हॉस्पिटलात आया. दोघांचं लग्न बाबांच्या चर्चमध्ये पाळकांनी लावलं. आईनं तिच्या चर्चची परवानगी घेतली नव्हती, कारण परवानगी मागितली असती तर घरी कळलं असतं आणि लग्नच झालं नसतं. त्यामुळे तिच्या चर्चच्या लेखी ते लग्न झालंच नव्हतं, आणि तिला कम्युनियन, म्हणजे तिच्या चर्चचं प्रभुभोजन, घेता येत नव्हतं.

दर रविवारी सकाळी लवकर ती मला घेऊन दादरला तिच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जायची. आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो. कम्युनियनची घंटा झाली की लोक उठून पुढे रांग लावायचे, आमचा बाक रिकामा व्हायचा. लोकांना जाऊ द्यायला आई गुडघे आडवे करून जागा करायची. मग त्या रांगेकडे बघत राहायची. लग्नसमारंभात आपल्याला आमंत्रण नसलेल्या पंगतीकडे कोणी बघावं, तसं नव्हतं ते. घरातलं माणूस परगावच्या गाडीत बसताना बघतात, तसं होतं.

तिथून आम्ही परळला बाबांच्या चर्चमध्ये. तिथे पेटी, तबला, भजनं, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला. तिथे प्रभुभोजनाला उठून पुढे जायचं नसे, तुकड्यांचा आणि पेल्यांचा ट्रे बाकापर्यंत यायचा. शेजारणीकडून आला की आई तो दोन्ही हातांनी घ्यायची आणि पुढच्या बाईकडे द्यायची. रस तिनंच गाळलेला, पेले तिनंच पुसलेले.

"इथे तर तुला चालतं ना? पाळकच म्हणतात," मी एकदा विचारलं.

ती मनुका पिळत होती. म्हणाली, "लहानपणी माहीमला पांढरा फ्रॉक घालून घेतलं, तेच हे, असं मला म्हणता येत नाही. आणि हे ते नव्हे, असं तुझ्या बाबांसमोर म्हणवत नाही. फडकं धर घट्ट."

उपाय होता. आईच्या चर्चच्या फादरांसमोर, दोन साक्षीदारांदेखत, दोघांनी लग्नाची वचनं पुन्हा म्हणायची. बिशपांची परवानगी फादर मिळवणार. हार नको, जेवण नको, पंधरा मिनिटांचं काम. पण बाबा तयार नव्हते. "एकदा देवासमोर लग्न केलंय. परत करायचं म्हणजे पहिलं खोटं होतं, असं मी माझ्या तोंडानं सांगायचं?" आई वाद घालायची नाही. तिलाही ते लग्न खोटं वाटत नव्हतं.

मी नववीत असताना आमच्या चर्चमध्ये माझं दृढीकरण झालं, म्हणजे मी चर्चची पूर्ण सभासद झाले. त्या रविवारी मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होते. आईनं माझा पांढरा ड्रेस स्वतः शिवला. ट्रे आला. मी पेला उचलला, तुकडा उचलला, आणि शेजारी बसलेल्या आईनं माझ्या हातातून ट्रे घेऊन पुढे दिला. पलीकडे पुरुषांच्या बाजूला बाबा बसले होते. त्यांनी ते पाहिलं. आजवर शंभरदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी मुलीच्या हातात पेला आणि आईचे हात रिकामे, असं पाहिलं.

घरी जेवताना ते म्हणाले, "तुझ्या फादरांना विचार, काय काय लागतं ते."

आईचा घास हातातच राहिला. "खरं सांगताय?"

"हो. पण मला ते तुमचं गोल पापडासारखं देणार नाहीत ना?"

"तुम्हाला कसं देतील? तुम्ही आपले बसा बाकावर."

"बसेन. बसून बघेन तू रांगेत कशी दिसतेस ते. तेवढा पदर नीट घे, मागून नेहमी लोंबत असतो."

हे खरं होतं. आईचा पदर मागून कायम एका बाजूला घसरलेला असायचा, आणि घरातून निघताना बाबा बोलता बोलता तो सारखा करायचे. फादर म्हणाले, नाताळची गडबड आटोपली की जानेवारीत करू. आईनं फिकट मोरपंखी साडी ट्रंकेतून काढून उन्हात टाकली.

जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला.

पहिले काही आठवडे बाबा म्हणायचे, महिनाभरात मिटेल. मग बोलेनासे झाले. चाळीत बायका खानावळीच्या पोळ्या लाटायला लागल्या, काही कुटुंबं कोकणात निघून गेली. आमच्याकडे आईचा पगार होता म्हणून चूल पेटत होती. त्याच सुमारास दादरच्या चर्चमध्ये संपवाल्यांच्या घरांसाठी तांदूळ वाटायला सुरुवात झाली. धर्म न विचारता वाटत होते, आईच सांगायची. पण चाळीत बातमी पोचते ती आपल्या चालीनं.

शेजारची मालवणी मावशी गॅलरीत उभी राहून आईला म्हणाली, "काय गो, दादरच्या चर्चात तांदूळ वाटतत म्हणे! तुमचा बरा आसा, दोन दोन चर्चां. एकाकडे नाय तर दुसरीकडे!"

मावशीच्या मनात काही नव्हतं. तिच्या घरी आम्ही गणपतीचे मोदक खायचो, आमचा नाताळचा फराळ तिच्या डब्यातून तिच्या गावापर्यंत जायचा. आईही हसली. पण बाबा आत दाढी करत होते, त्यांचा हात थांबला.

बाबांच्या आजोबांनी गावात ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा लोक म्हणाले होते, पोटासाठी घेतला. ते बोलणं आजोबांबरोबर मेलं नाही. बाबा शाळेत असताना त्यांनी ते ऐकलं होतं, गिरणीतही ऐकलं होतं. आता संपात घरी बसलेला माणूस कॅथलिकांच्या चर्चमध्ये जाऊन उभा राहणार, तेही तांदूळ वाटप चालू असताना.

"आत्ता नको," ते आईला म्हणाले. "लोक म्हणतील, तांदळासाठी गेला."

"लोकांना काय कळणार आहे? चार माणसं असणार."

"मला कळेल ना. संप मिटू दे. मिटला की त्याच्या पुढच्या रविवारी जाऊ. शब्द देतो."

आईनं साडी घडी करून परत ट्रंकेत ठेवली.

गिरणगावातल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. संप मिटला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही. काही लोक हळूहळू कामावर परतले, बाबांच्या खात्यातल्या बऱ्याच जणांना परत घेतलं नाही. बाबा वडाळ्याला एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. गिरणी आधी अर्धी चालली, मग बंद पडली. पण संप मागे घेतल्याची बातमी आली नाही, आणि बाबा शब्दाचे इतके पक्के की त्या बातमीशिवाय त्यांना हलता येईना.

आई अधूनमधून विचारायची. आधी खरंच विचारायची, मग मस्करीत.

"अहो, मिटला का संप?"

"जाहीर नाही झाला अजून."

"झाला की सांगा. मी पदर नीट घेऊन बसलेय."

दोघं हसायचे, मीही हसायचे. माझं लग्न झालं, मला मुलं झाली, तरी ते चालू होतं. आता वाटतं, त्यांतल्या एखाद्या वेळी तरी मी दोघांना टॅक्सीत घालून दादरला न्यायला हवं होतं. सगळ्या घराची कामं मार्गी लावणारी मी.

एका पावसाळ्यात बाबा गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं. त्यांना शिवडीला पुरलं.

काही महिन्यांनी आई मला घेऊन दादरच्या फादरांकडे गेली, बाबांसाठी मिस्सा सांगायला. फादर नवे होते, तरुण, मायाळू. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, मग आता काहीच अडचण राहिली नाही. कन्फेशन करा आणि रविवारी कम्युनियनला या."

त्यांचं चुकलं नव्हतं. नियम तसाच होता, नवरा गेला की ते लग्न आड येत नाही. आई त्यांना "थँक यू, फादर" म्हणाली. बाहेर आल्यावर कंपाउंडच्या भिंतीला धरून उभी राहिली.

"अडचण म्हणाले गं ते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांना."

ती त्या रविवारी गेली नाही, त्यानंतरच्याही नाही. मनुकांचा रस मात्र दर महिन्याला करत राहिली. मी आग्रह केला की म्हणायची, "शब्द दिलाय त्यांनी मला. मिटू दे आधी."

बरीच वर्षं गेली. मग एका दुपारी आम्ही बसनं लालबागहून येत होतो. बाबांच्या गिरणीच्या जागी पत्रे ठोकले होते, आत यंत्रं घरघरत होती. चिमणी नव्हती. आईनं मान वळवून मागे जाईपर्यंत पाहिलं. 

"आता कोण जाहीर करणार?" ती म्हणाली. "मिटलाच म्हणायचा. येत्या रविवारी जाऊ."

शनिवारी तिनं कन्फेशन केलं. रविवारी मोरपंखी साडी नेसली. घड्यांवर तिचा रंग उडाला होता. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो, नेहमीच्या जागी. घंटा झाली. बाकावरचे लोक उठले आणि या वेळी आईही उठली. मी प्रॉटेस्टंट, मला पुढे जाता येणार नव्हतं. मी गुडघे आडवे करून तिला वाट दिली.

रांग हळूहळू सरकत होती. मला आईची पाठच दिसत होती. पदर एका बाजूला घसरून जवळजवळ पोटरीपर्यंत लोंबत होता. उठून तो सारखा करावा असं फार वाटलं, पण ती तोवर पुढे गेली होती. तिनं तोंड वर केलं, फादरांचा हात खाली आला, तिनं क्रुसाची खूण केली आणि ती वळली. परत येताना तिचे डोळे आमच्या बाकावर शोधत होते. मग मी दिसले.

ती बसली. माझ्या आणि तिच्यामध्ये एका माणसाची जागा सोडून बसली. बराच वेळ डोळे मिटून होती. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली,

"पदर नीट होता का गं मागून?"

"होता," मी म्हटलं. "अगदी नीट होता."