ज्वारीच्या राखणीला सिनेमे

माझा आयुष्यभराचा सिनेमासंग्रह गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या ज्वारीत टांगलेला होता. तो मीच दिला होता, आणि तोही व्यवस्थित हिशेब करून.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. दर पगाराला एखादी सिनेमाची डिस्क आणायची, हे माझं एकमेव व्यसन. (सुनंदा, म्हणजे आमची सौ., 'एकमेव' या शब्दावर हसते.) एका रविवारी ती डिस्कच्या कपाटासमोर उभी राहिली.

"एक डिस्क केवढ्याची?"

"दोनशेची."

"आणि कपाटाखालची जागा? चिखलीत फूट काय भावानं घेतलंय, आठवतंय ना? फ्लॅटचा हप्ता चालू आहे अजून!"

मी मापात जगणारा माणूस. व्हर्नियर काढला, डिस्कच्या डब्यांची जाडी मोजली, चौरस फुटाच्या भावाशी गुणाकार केला आणि मटकन खाली बसलो. आमच्या बेडरूममध्ये सिनेमातले खलनायक माझ्यापेक्षा महाग जागेत राहत होते, आणि फुकट! उलट मोबाईलवर डाउनलोड दीडशेला, जागा शून्य. मग काय, घरात होते तेच आवडते सिनेमे मी मोबाईलवर पुन्हा विकत घेतले. एकाच सिनेमाचे दोनदा पैसे भरले आणि त्याला बचत म्हणालो!

त्याच आठवड्यात मामा, म्हणजे माझे सासरे, आले. चाकणच्या पुढे त्यांचं रान आहे. तीन बाजूंनी कंपन्या उठल्यात, चौथ्या बाजूला मामा उभे आहेत. आसपासची शेतं गेल्यामुळे तालुक्यातली झाडून सगळी पाखरं त्यांच्याच ज्वारीवर ओव्हरटाइमला येतात.

"पावणं, ह्या चकत्या लई चमकत्यात. टाकायच्यात व्हय?"

"न्या की मामा! आता सगळं मोबाईलमध्ये आलंय." (डिस्क लावायचा प्लेअरही त्यांच्या पोत्यात कोंबला. डबे भंगारवाल्याला.)

ज्वारी हुरड्यात आली तेव्हा आम्हाला बोलावणं आलं. गोवऱ्यांची आगटी पेटली, भावकी जमली, आणि सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, कधी नव्हे ते माझ्याकडे काही मागितलं.

"पावणं, लगीन झाल्याव ह्यांनी मला तळेगावात पिच्चर दावला हुता. त्यो तुमच्याकडं हाय म्हनं. अर्धाच बघितलाय वो. ह्यास्नी म्हशीच्या धारंची घाई झाली आन् मला मधनंच उठवलं. शेवट काय झाला, ठावं न्हाई!"

अख्खा संसार झाला, नातवंडं झाली, आणि बाई अजून मध्यंतरातच अडकलेली!

"मामी, तुम्ही बसा तर खरं," मी छाती फुगवून म्हणालो. "विकत घेतलाय. जन्मभर आपला!"

भावकी टीव्हीसमोर बसली. मी मोबाईल जोडला. पडद्यावर आलं : हा चित्रपट आता उपलब्ध नाही. मी मदतीच्या नंबरला फोन लावला.

"सर, आपण चित्रपट नाही, तो बघायचा परवाना घेतला होता. त्याची मुदत संपली."

"अहो, बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं!"

"हो सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे?"

मामी पदर सावरून चुलीकडे निघाल्या. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! एवढ्यात सुनंदा म्हणाली, "अहो, डिस्क रानात आहे की!"

मी ज्वारीत घुसलो. सुतळीला लटकलेले नट-नट्या वाऱ्यावर गरगरत होते. अख्खी चित्रपटसृष्टी फाशी दिल्यासारखी! मामींचा सिनेमा सापडला ऐन मधोमध. मी हात घातला, तोच बांधावरून आवाज आला.

"न्हाई! ती काढली तर मधलं रान उघडं पडंल."

"मामा, तीनच तास."

"तीन तास पाखरं काय उपास धरत्यात व्हय? तिच्या जागी तुमी ऱ्हावा हुबं."

मला वाटलं, थट्टा आहे. सुनंदाने घरातून स्टीलचं ताट आणून माझ्या हातात दिलं तेव्हा कळलं, नव्हती. "उन्हात धरा. चमकलं पाहिजे," एवढं सांगून ती सिनेमाला गेली.

डिस्कवरची पाखरांची घाण साबणाने निघाली आणि ती पहिल्या झटक्यात लागली. मी ताट फिरवत उभा. शिवाय डिस्क मागे घेता येते, हा शोध मामींना लागला. एक गाणं मी चारदा ऐकलं! सूर्य कंपनीच्या शेडमागे गेला, ताट चमकायचं थांबलं, आणि साळुंक्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहून जेवायला सुरुवात केली. मी "हाऽऽ हाऽऽ" केलं. एक तर ताटाच्या काठावरच येऊन बसली!

शेवटी मामी बांधावर आल्या. डोळे पुसत होत्या, पण चेहरा असा खुललेला मी कधी पाहिला नव्हता. "पावणं, ती त्याला सोडून गेली न्हाई वो!" म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने चहाचा कप दिला.

मामांनी डिस्क पुन्हा सुतळीला बांधली. मग त्यांनी मी राखलेल्या जागेतली कणसं एकेक करून हातात घेऊन पाहिली.

"पावणं," ते म्हणाले, "चकतीच बरी हुती. ती च्या पीत न्हाई."