अण्णांसाठी निवडलेला बर्फ

लॅपटॉपवर बर्फाने झाकलेल्या गावाचा फोटो उघडला, तसे अण्णांनी दोन्ही हात काखेत दडवले. मी चक्रावलोच.

तीन महिने मी स्वित्झर्लंडच्या हवामानाचा अभ्यास करत होतो. पाऊस कधी, धुकं कधी, बर्फ हमखास कधी, सगळं वहीत उतरवून जानेवारी पक्का केला होता. घरातला पहिला पदवीधर मी. वडिलांना परदेशी न्यायचं तर अभ्यास करूनच न्यायचं, हा माझा ताठा.

"जानेवारीत कमरेएवढा बर्फ असतो, अण्णा!"

"आणि तिथं हौसेनं जायचं?" अण्णांचा आवाज चढला. "अरे, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या ओढल्या मी. बोटं अजून बधिर होतात. त्यावरच शिकलास ना तू?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नोकरी सुटली तरी बर्फ काही सुटेना तुमचा!"

मला हसू आलं नाही. परक्या देशाचं तापमान मला तोंडपाठ होतं आणि समोरच्या माणसाला मी काहीच विचारलं नव्हतं. लोक मोसम बघून फिरायला जातात. अण्णांच्या वाट्याला बाराही महिने एकच मोसम आला. भर वैशाखात ते स्वेटर घेऊन कामाला निघायचे आणि मला त्याची गंमत वाटायची. एवढी पुस्तकं वाचली, पण ते स्वेटर मला कधी वाचता आलं नाही.

"मग कुठे जायचं, अण्णा?" मी पहिल्यांदाच विचारलं.

त्यांनी काखेतले हात बाहेर काढले. मग म्हणाले, "जिथं दगड तापलेला असतो तिथं. पाठ टेकून बसू दुपारभर."