‘अर्थातच’ म्हणेल त्याने चहा करायचा

शैलाताई परचुरे यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दहाव्या मिनिटाला मला चहा करायला उठावं लागलं. अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन आम्हाला महिना झाला होता. पुण्यातली वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी बायकोच्या नोकरीमागे आलो होतो. रविवारी दुपारी ताईंकडे आठ-दहा मराठी माणसं वाचायला आणि भांडायला जमतात असं कळलं, म्हणून गेलो. बोलता बोलता मी म्हणालो, "अर्थातच, लोकशाही हे शिकलेल्यांचंच काम आहे." आयटीत काम करणाऱ्या मिलिंद साठेने हसत स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"जा यार. दूध फ्रिजमध्ये आहे."

नियम ताईंनी मागाहून समजावला. अमेरिका देश होण्याच्या आधीच्या काळात इथले कारागीर, छापखानेवाले आणि दुकानदार मंडळं काढत, आठवड्यातून एकदा जमून वाद घालत. अशा एका मंडळात ठाम बोलणाऱ्याला दंड होता. 'मला असं वाटतं' म्हटलं तर चालायचं, 'निःसंशय' म्हटलं की दंड. "त्यांचा दंड पैशाचा होता. मी चहावर आणला," ताई म्हणाल्या. "खात्री असलेला माणूस निदान चार कप चहाच्या उपयोगाचा तरी असावा."

त्या मूळच्या अमरावतीच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर आल्या, इथे इतिहासात पीएचडी केली, नवरा गेल्यावर मुलीला एकटीने वाढवलं. जवळच्या कॉलेजात वीस वर्षं त्या कंत्राटावर शिकवत होत्या. दर सहामाहीला नवं कंत्राट. विषय एकच, अठराव्या शतकातली इथली वाचनालयं आणि विचारमंडळं. चिडल्या की अमरावती बाहेर यायची. "काहून? पुरावा कुठाय?" हे वाक्य त्यांनी डॉक्टरला, प्लंबरला आणि इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला सारख्याच आवाजात ऐकवलेलं मी ऐकलं आहे. स्वतःलाही सूट नव्हती. एकदा वादाच्या भरात त्या म्हणाल्या, "अर्थातच बायका वाचत होत्या!" आणि थांबल्या. उठल्या, नऊ कप चहा केला, सगळ्यांना दिला, बसल्या आणि म्हणाल्या, "आता पुरावा देते."

मग त्यांचा विषय कॉलेजने बंद केला. विद्यार्थी कमी, असं कारण दिलं गेलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक अजून लिहून झालं नव्हतं. त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाने चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, कार्यक्रमासाठी स्मरणिका काढायची ठरवली. संपादन माझ्याकडे आलं आणि मी ताईंकडे लेख मागितला. त्यांनी तो मराठीत, हाताने लिहिला. म्हणाल्या, "वीस वर्षं इंग्रजीत शिकवलं. एवढं एक आपल्या माणसांना सांगते."

लेख एका लहान गावातल्या वाचनालयाबद्दल होता. त्याचे सभासद शनिवारी जमत, माणसाच्या जन्मजात स्वातंत्र्यावर चर्चा करत, समुद्रापलीकडून पुस्तकं मागवत. शेवटच्या परिच्छेदात सीझर होता. एका सभासदाचा गुलाम. घरोघर पुस्तकं पोचवण्याचं काम त्याचं, एवढी एक नोंद वाचनालयाच्या दफ्तरात होती. त्याचं नाव पुन्हा सापडतं ते मालक वारल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत. आधी पुस्तकांचं कपाट, मग सीझर, मग भिंतीवरचं घड्याळ. ताईंनी यादी जशीच्या तशी दिली होती. खाली स्वतःचा एक शब्द नव्हता.

ताईंच्या दिवाणखान्यात यावर बैठक झाली. मिलिंद आता मंडळाचा अध्यक्ष होता.

"ताई, आर्टिकल मस्तच आहे. फक्त लास्ट पॅरा कॅन्सल करू."

"काहून? खोटं आहे?"

"खोटं नाही हो. पण सध्याचं वातावरण बघताय ना? आपले निम्मे लोक ग्रीन कार्डच्या लाइनीत. उद्या कोणी ट्रान्सलेट करून फेसबुकवर टाकलं तर? आपण इथे गेस्ट आहोत, ताई."

"मी तीस वर्षं गेस्ट आहे का रे?"

"तसं नाही. टायमिंग बरोबर नाही, एवढंच."

"त्या वाचनालयातली माणसंही वाईट नव्हती, मिलिंद. शिकलेली होती, सभ्य होती. त्यांनाही टायमिंग बरोबर वाटलं नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पॅरा जाणार असेल तर लेख परत द्या. सीझरशिवाय तो छापायचा नाही."

"मी बघतो," मी म्हणालो. आमची फाइलही त्याच लाइनीत होती.

मे महिन्यात ताईंना कर्करोग असल्याचं निदान झालं. छपाईच्या आठवड्यात त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मी फोन करू शकलो असतो, केला नाही. परिच्छेद काढला. लेख सीझरच्या आधीच संपला आणि वाचायला छान झाला. अनेकांनी तसं सांगितलं.

ताईंनी अंक घरी आल्यावर पाहिला. मी समोर होतो. त्यांनी शेवटचं पान उलटलं, पुढची कोरी बाजू पाहिली, अंक मिटला. "खूप सफाईदार काम आहे तुमचं," त्या म्हणाल्या. त्यानंतर रविवारच्या बैठका झाल्या नाहीत. प्रकृतीमुळे, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. शोकसभेत मिलिंदने त्यांच्या निर्भीडपणाबद्दल भाषण केलं.

त्यांची मुलगी ईशा बॉस्टनहून घर आवरायला आली. मदतीला मी गेलो. स्मरणिका तिने वेगळी ठेवली होती.

"मला मराठी वाचता येत नाही, काका. पण मॉमचं एवढंच प्रिंट झालंय, सो मी हे फ्रेम करणार आहे. तिने लिहिलेलं सगळं यात आहे ना?"

"अर्थातच," मी म्हणालो.

ती त्या घरात वाढलेली होती. न हसता तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

भांडी खोक्यांत गेली होती. एक पातेलं आणि दोन कप उरले होते. मी चहा केला. आम्ही दोघांनी तो उभ्या उभ्या घेतला. पुरावा तिने मागितला नाही, आणि मी दिला नाही.